निघायचं कुणाला?

“सिस्टर, लेकरू न्यावं का?”

पस्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली. पहिली बरीच वर्षं नांदेड जिल्ह्यात कंधार तालुक्यात, मग जिल्हा बदलून लातूरला, शेवटी अहमदपूर भागात. गरोदर मातांची नोंद ठेवली, लसींची ठेवली, तांबीची ठेवली, विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरीचीसुद्धा ठेवली. या प्रश्नाला मात्र कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता, आणि तो आठवड्यातून एकदा तरी यायचाच. उपकेंद्राच्या पायरीवर, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत, स्टँडवर गाडीची वाट बघताना. विचारणाऱ्याच्या हातात पिशवी भरलेली असायची. निम्मं ठरवूनच माणसं यायची, माझ्या तोंडून फक्त ‘हो’ पाहिजे असायचं.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे लेकरू जन्मतं तेच परगावी, आणि त्याचा पहिला प्रवास ते पोटात असतानाच ठरलेला असतो. कंधारची लेक उदगीरला दिलेली, लोह्याची औशाला, आणि हल्ली तर निम्म्या लेकी पुण्याला. कधीतरी न्यावंच लागतं. पण आता का, कशातून आणि कुणाच्या हौसेसाठी, हे विचारलं की घरातले एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात.

नोकरी लागली तेव्हा माझ्याकडं एकच उत्तर होतं: सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढू नका. या उत्तरात फार सोय होती. घरातली म्हातारी खूश, कारण तीही तेच म्हणायची. आणि उद्या काही बिनसलं तर ते माझ्यावर येणार नव्हतं. नव्या नर्सला हे दुसरं कारण फार मोलाचं वाटतं.

सव्वा महिन्याला मी आजही हसत नाही. २०११ साली आशाताईंच्या घरभेटींची योजना सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवसापासून. या कामाचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात लेकरं वाचवून दाखवली आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आमच्या प्रशिक्षणात फळ्यावर ‘४२’ लिहिलं तेव्हा मागून एक आशा म्हणाली, “मॅडम, हे तर आमच्या सासूचंच हाय, चार दिस वाढीव.” सगळ्याजणी हसल्या, पण बोलणं खरं होतं. म्हाताऱ्या म्हणायच्या बाहेरचं वारं लागंल, आम्ही म्हणतो थंडी बाधेल, गर्दीतनं जंतू येतील. दोन्हींत फार अंतर नाही. फक्त ‘वारं’ लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून, शेगडीवर ओवा टाकून धुरात लेकरू ठेवणारी म्हातारीही तीच असते.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, तेव्हा आम्हाला नांदेडहून तिकडं पाठवलं होतं. त्या रात्री गणपती बुडवून माणसं नुकतीच झोपली होती. वर पाऊस. एका ताडपत्रीखाली सात-आठ दिवसांचं लेकरू पोटाशी धरून एक बाळंतीण बसलेली आणि तिची सासू पुन्हा पुन्हा म्हणत होती, सव्वा महिना झाला नाही, हिला बाहेर आणू नये. ज्या घराचा उंबरा ओलांडायचा नव्हता ते घरच उरलं नव्हतं. आम्ही त्या दोघींना कोरड्या जागी हलवलं. म्हातारी गाडीत चढेपर्यंत तेच म्हणत होती.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी माझ्या हातून जे झालं ते मी नोकरीत असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

हिवाळा होता. एका तांड्यावरून निरोप आला की चार दिवसांचं लेकरू दूध ओढत नाही. चालत गेले, पोचेपर्यंत दिवे लागले होते. लेकरू निजलेलं. आजी कौतुकानं म्हणाली, “लई गुणी हाय, रडतच न्हाई.” मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. तळपाय बघितले नाहीत. श्वास मोजले नाहीत. शेवटची एसटी गेलेली होती. ट्रॅक्टरवाला दोन-अडीच किलोमीटरवर, बाहेर कडाक्याची थंडी, त्यात अमावस्या. घरातला म्हातारा म्हणाला, एवढं लेकरू रातीचं भाईर काढू नये. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मी म्हणाले, “सकाळच्या गाडीनं नेऊ.”

सकाळची गाडी साडेसहाची होती. लेकरू चारला गेलं.

मला कुणी काही बोललं नाही. देवाची मर्जी म्हणाले, चहा करून दिला. रात्रीच निघाले असते तर ते वाचलंच असतं असंही मी म्हणत नाही. तेव्हा नांदेडला पोचायला किती वेळ लागायचा ते मला माहीत आहे. पण ‘सकाळी’ हा शब्द माझा होता. म्हाताऱ्याला अमावस्येची भीती होती, आणि मला? मला रात्री तांड्यावरून ट्रॅक्टर शोधत फिरायची भीती होती. लेकराला प्रवास सोसणार नाही, हे आम्ही दोघांनी पुढं केलेलं कारण होतं.

तेव्हापासून ‘न्यावं का’ म्हटलं की मी आधी लेकराला बघायला लागले. हाताची पालथी बाजू आधी पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार असले तर बरं. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे लेकराला थंडी बाधायला लागली. दोन्ही गार, म्हणजे घड्याळाकडं बघत बसायचं नाही. मग झबलं वर करून, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, कारण तान्ह्या लेकराचा श्वास एका लयीत नसतो. लेकरू शांत असताना साठ किंवा त्याच्या वर गेले, पुन्हा मोजूनही तेवढेच आले, छाती आत ओढली जायला लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कालपर्यंत ओढणारं लेकरू आज ओढेना, तर तिथं न्यावं का हा प्रश्नच नाही. तेव्हा उलटा प्रश्न विचारायचा की अजून इथं का बसलोय. धड लेकरू हलवायला कारण लागतं, आणि आजारी लेकरू न हलवायला. घराघरांत हे नेमकं उलटं चाललेलं मी बघितलं आहे. नवसाला, लग्नाला, फोटोला लेकरू निघतं. दवाखान्याला निघायचं म्हटलं की वारं, नजर, अमावस्या सगळं आठवतं.

नवसाची एक गोष्ट बरी आहे. लोह्याजवळच्या माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात, म्हणजे ऐन थंडीत. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, तमाशा, आणि नाका-तोंडात जाणारी धूळ. एका घरी सात वर्षांनी मूल झालेलं, अठरा दिवसांचं. आजीचा नवस होता की पहिल्या जत्रेला पायावर घालीन. जीप सांगून ठेवली होती. मी गेले तेव्हा आजीनं मला बोलूच दिलं नाही. देवाच्या कामात नर्सबाईनं पडू नये, असं तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, पडत नाही, पण खंडोबा जत्रा उठल्यावर कुठं जातो का? यावर ती गप्प. सूनबाई भिंतीकडं तोंड करून बसलेली. तिला विचारलं, तुला जायचं का? तिनं सासूकडं बघितलं. तेवढ्यात तिचा नवरा म्हणाला, “लेकराचं झबलं घेऊन जाऊ का? देवाला दाखवतो, म्हणतो ह्याला चैतात आणतो.” झबलं गेलं. देवाच्या पायाला लागून, भंडाऱ्यानं पिवळं होऊन परत आलं. आजी माझ्याशी पुढं वर्षभर तुटक बोलत होती, पण चैत्रात प्रसाद आठवणीनं पाठवला.

दुसऱ्याच्या लेकराबद्दल अकलेनं बोलता येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न माझ्याच घरात येऊन बसला.

लेक लातूरला माझ्याकडं बाळंत झालेली, सासर नांदेडचं. ते साल लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर देशभर दिसली. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-आठ दिवसांनी. घरात बाळंतीण, नऊ दिवसांची नात, माझी आई, आम्ही दोघं. दिवसाला लंगोट-दुपटी किती निघतात ते ज्या घरात पाळणा हलला आहे त्यांना सांगायला नको. विहीणबाईंचा रोज फोन: “आमच्या बोअरला अजून पाणी हाय, आणून सोडा.” माझी आई म्हणायची, दहा दिवसांचं लेकरू, बेचाळीस डिग्री ऊन, एकशे चाळीस किलोमीटर; माणसं काय म्हणतील? यजमान म्हणाले, तूच नर्स आहेस, तू सांग.

मी दोन दिवस काहीच बोलले नाही. रेल्वेचा विचार केला, पण लातूरहून नांदेडची रेल्वे लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा घालून जाणार; ते बाळंतिणीचं काम नाही. ऊन दिसत होतं, रस्ता दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडं एक पाहुणी आली, लेकराला घ्यायला हात पुढं केले आणि मी सवयीनं म्हणाले, आधी हात धुवा. तिनं विचारलं, “कशानं?” मोरीत एक तांब्या होता, तोही भाजी धुतलेल्या पाण्याचा. जन्मभर गावोगाव सांगत फिरले की तान्ह्या लेकराला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवा, आणि माझ्याच घरात चार दिवस कुणी नीट हात धुतले नव्हते. ठरलं तिथं. चार तासांचं ऊन टाळता येत होतं. रोजचे न धुतलेले हात टाळता येत नव्हते.

जावयांनी दुपारी बाराची गाडी सांगितली होती, त्यांना रात्रीच्या ड्युटीला हजर व्हायचं होतं. मी पहाटे चारची करायला लावली. निघण्याआधी नातीचं वजन बघितलं, जन्मताना दोन किलो सहाशे होती आणि उतरलेलं वजन भरून आलं होतं. दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत होती, म्हणजे दूध पुरत होतं. माझ्या आईनं बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून घेतलं होतं, “उन्हाळा हाय, घोट घोट पाजू.” ती बाटली मी लेकीला दिली, तुझ्यासाठी आहे म्हणून. सहा महिन्यांपर्यंत लेकराला कितीही उन्हाळा असला तरी वरचं पाणी लागत नाही, अंगावरच्या दुधातच असतं. पाणी आईनं प्यायचं.

चाकूर अंधारात मागं पडलं. शिरूर ताजबंदच्या पुढं गाडी थांबवून एकदा दूध पाजलं, अहमदपूरला परत. उजाडलं तसं आईनं नातीला टोपरं, दुपटं आणि वर वाकळ अशी गुंडाळली. खिडक्या बंद. माळाकोळीच्या आसपास नात किरकिरायला लागली, अंग हाताला चटका द्यायला लागलं. थर्मामीटर काढला तर अडतीसला टेकत होता. गाडीत एकदम शांतता. आई पुटपुटली, म्हणलं होतं मी. माझेही हात थरथरले, खोटं कशाला बोलू. मग डोकं ठिकाणावर आलं. टोपरं काढलं, वाकळ काढली, खिडकी थोडी खाली केली, गाडी लिंबाखाली उभी करून लेकीला पाजायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत सदतीसच्या जरा वर आलं आणि मग तिथंच राहिलं. सगळी नोकरी ‘झाका, झाका’ म्हणण्यात गेली होती. त्या दिवशी ‘उघडा’ म्हणायची वेळ आली. ताप गुंडाळल्याचा असेल तर उघडल्यावर उतरतो. उतरला नसता तर लोह्याला न थांबता थेट विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना गाठायचा, हे मी मनात धरलं होतं. तो त्याच रस्त्यावर आहे, हीच एक धीराची गोष्ट.

लिंबाखाली गाडी उभी असताना लेक म्हणाली, “आई, मला बाथरूमला जायचंय. अहमदपूरच्या आधीपासून जायचंय.”

तिला टाके होते. अजून अंगावरून जात होतं. ती घडी घातलेल्या वाकळीवर एका कुशीवर टेकून बसली होती आणि लातूरपासून एक शब्द बोलली नव्हती. आम्ही चौघं मोठी माणसं दर अर्ध्या तासाला नातीचे तळपाय चाचपत होतो. तिला कुणी विचारलं नव्हतं. वाटेत जे संडास लागले त्यांत ओल्या बाळंतिणीला पाठवायची माझी हिंमत नव्हती. शेवटी एका शेतातल्या घरी गेले, हात जोडले. त्या बाईनं काही न विचारता न्हाणी दाखवली, पाण्याची बादली दिली आणि परत येताना लेकीच्या ओटीत गूळ घातला.

नंतर नांदेडला, मी परत निघताना, लेक म्हणाली, “तुम्ही दोन दिवस ठरवत होता ना लेकराला न्यायचं का, तेव्हा मला वाटत होतं, कुणीतरी मला विचारावं.” मी तिला काय उत्तर देणार? वीस-पंचवीस वर्षं बायांचे प्रश्न ऐकले आणि त्यांत प्रश्न विचारणारी बहुतेक वेळा सासू, आई, नणंद, नवरा असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाळंतीण मागं उभी असते, लेकरू खांद्यावर घेऊन.

त्या दिवशी नांदेडला जाताना गोदावरीच्या पुलावर माझ्या आईनं नातीच्या हाताला लावून रुपया पाण्यात टाकला होता. पाणी कुठं होतं म्हणा, खाली खडक आणि डबकी. रुपयाचा खण्ण आवाज आला.

त्या उन्हाळ्यानंतर मी आधी बाळंतिणीला विचारायला लागले. सासूला बाहेर चहा ठेवायला पाठवायचं आणि मग विचारायचं: तुला जायचं का? टाके दुखतात का? तिकडं गेल्यावर तुला निजू देतात का? खरी उत्तरं यायला वेळ लागतो. एकीनं सांगितलं, जायचं नाही, पण भावजय बोलायला लागलीय, भाकरीचा हिशोब काढते. तिथं प्रवास बरा. दुसरी म्हणाली, सासरी पोचल्या पोचल्या पाण्याला जावं लागंल. तिथं मी सासरी फोन केला की लेकराचं वजन भरलं नाही, पंधरा दिवस हलवता येणार नाही. वजन काठावर होतं, म्हणजे मी अगदीच खोटं बोलले नाही.

एक अडचण कागदाची. लेकरू माहेरहून सासरी गेलं की आशाताईच्या भेटी तुटतात. माहेरची आशा यादीवर लिहिते ‘स्थलांतरित’, आणि सासरची म्हणते आमच्या यादीत हे लेकरूच नाही. दोन गावांच्या मधल्या फटीत चौदावा आणि एकविसावा दिवस पडून जातो. म्हणून माझा हट्ट असायचा की ज्या गावी जाताय तिथल्या आशाचा नंबर निघायच्या आधी फोनमध्ये पाहिजे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता पर्समध्ये. दीड महिन्याच्या लसी कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतात. कार्ड असलं की पुढचं सगळं सोपं.

आजारी लेकराच्या प्रवासाचं आता बरंच बदललं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायचं-आणायचं भाडं नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका आली. १०८ च्या एका फेरीत बसलेला बाप मला फार आठवतो. लेकरू एक किलो सातशेचं, लातूरला काचेत ठेवायला न्यायचं, आमच्याकडं एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाला, सगळे ‘काच’ म्हणतात. आईचं पोट फाडलेलं, तिला हलवता येईना. मी बापाला म्हटलं, शर्टाची बटणं काढ, लेकरू उघडं छातीला लाव, वरून शाल. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा लाजून लाल. “मी? आईला सांगा की.” त्याची आई म्हणाली, “का, गडीमाणसाच्या अंगाला ऊब नसती का?” सत्तर किलोमीटर तो तसाच बसला, एका हातानं पट्टा आणि एका हातानं लेकराचं डोकं धरून. लातूरला उतरेपर्यंत लेकराचे पाय ऊबदार होते. ही कांगारू पद्धत कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात १९७८-७९ च्या सुमारास सुरू झाली. डॉ. एडगर रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडं ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि लेकरं जास्त होती, म्हणून त्यांनी आयांनाच पेटी केलं. आपल्याकडं तर पेटी साठ-सत्तर किलोमीटरवर असते, तेव्हा वाटेत छातीसारखं दुसरं साधन नाही. त्या पोरानं मला नंतर विचारलं, “सिस्टर, घरी आणल्यावर पण लावू का?” मी म्हटलं, लाव की.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तान्ह्या लेकरांचा प्रवास वाढला, हे माझं नुसत्या डोळ्यांचं निरीक्षण. पूर्वी भाड्याच्या काळजीनं लांबलेलं जाणं आता सहज होतं. चांगलंच आहे, लेकी मोकळ्या झाल्या. पण गर्दीच्या गाडीत दहा माणसं लेकराचे गाल ओढतात. जायचंच असेल तर पहिली सकाळची गाडी, पुढची जागा, मागच्या चाकावरची नको. आणि स्टँडवर हिरकणी कक्ष बंद दिसला तर चावी मागून घ्यायची, लाजायचं नाही.

आणि ज्या बाईनं मला ‘न्यावं का’ हा प्रश्न विचारायला पाहिजे होता तिनं कधी विचारलाच नाही.

दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या पट्ट्यातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावानं घेतलेली, ती जूनमध्येच बी-बियाण्यात आणि देण्याघेण्यात संपलेली. अशी एक, एकोणीस दिवसांची पोरगी घेऊन उपकेंद्रात आली. कर्नाटकात बेळगावकडच्या कारखान्याला चालली होती. “जाऊ का” म्हणाली नाही. म्हणाली, “कार्ड द्या सिस्टर, राती गाडी हाय.” तिला ठरवायचं काहीच नव्हतं. मी मुकादमाला गाठलं. म्हटलं, तीन आठवडे थांबव तिला, दीड महिन्याचं इंजेक्शन होऊ दे, मग पाठवू. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “कोयता मोडला तर टोळी मोडती, मी तोंड कुणाला दाखवू?” तासभर घातला. शेवटी मला मिळालं ते एवढंच: उघड्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि सरपणाच्या वर बसायच्या ऐवजी तिला पुढं ट्रकच्या केबिनमध्ये जागा. थंडीची रात्र, सगळी रात्र रस्ता. पोरगी लुगड्याच्या आत छातीला बांधून दिली, कार्डावर पुढच्या लसीची तारीख मोठ्या अक्षरात लिहिली आणि म्हटलं, तिकडं फडावर, कोपीपाशी जी कुणी नर्स येईल तिला हे दाखव, भाषा येवो न येवो.

एप्रिलमध्ये टोळी परत आली. दोन दिवसांनी ती लसीकरणाला आली, पोरगी कमरेवर. प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. उसाच्या चिकानं कडा काळ्या पडलेल्या. पेंटा लसीच्या पहिल्या डोसासमोर शिक्का कानडी होता, मला वाचता येईना. तारीख मात्र आकड्यांत होती. पोरीच्या जन्मापासून अठ्ठेचाळिसावा दिवस.